कोपराआडचं गाव

हॅलोमावशींची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. त्या माणसं चेहऱ्याने ओळखत नसत, आवाजाने ओळखत. बाजारात कुणी समोरून हसत आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि त्याने तोंड उघडलं की लगेच उलगडायची. "हां हां, तुम्ही होय! बायको माहेरी गेली की रोज फोन लावायचात, आणि ती आली की ओळख द्यायचा नाहीत!" त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ ते एक्स्चेंजही बंद पडलं, पण आवाजांचा नाद काही सुटला नाही.

खाली मुलगा-सुनेची लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या आणि गच्चीवर दोऱ्यांवर वाळवायच्या, हा त्यांचा धंदा. त्यामुळे संध्याकाळी त्या घरात हवामानाच्या बातम्या अगदी श्वास रोखून बघितल्या जात. फक्त कुठल्या चॅनेलवर बघायच्या, यावरून रोज जुंपायची.

मावशींच्या यजमानांना, म्हणजे काकांना, सरकारी चॅनेल प्रिय. तिथले गृहस्थ हातात छडी घेऊन, हजेरी घेतल्यासारखं एकेका गावाचं नाव घेत. मावशींच्या गावाचा नंबर बराच खाली होता. तिथपर्यंत पोचेस्तोवर काका घोरायला लागलेले असत.

मुलाचं चॅनेल म्हणजे नुसता गोंधळ. एक तरणाबांड पोऱ्या रेनकोट घालून स्टुडिओत कमरेभर पाण्यात उभा. पाणी खोटं, विजा खोट्या, आरडाओरडा तेवढा खरा. ढगाचा एक पुंजका दिसला तरी हा "थैमान! थैमान!" म्हणून छाती पिटायचा. त्याच्या नादी लागून मुलाने एकदा रणरणत्या उन्हात गच्चीवरच्या सगळ्या चादरी उतरवल्या, पुन्हा चढवल्या आणि पुन्हा उतरवल्या. शेवटी सून म्हणाली, "अहो, आता तुम्हीच वाळत पडा."

मावशींचा जीव होता तिसऱ्या चॅनेलवर. तिथली मुलगी झकपक कोट घालून यायची, पण बोलायची अगदी शेजारच्या खोलीतून हाक मारल्यासारखी. पाऊस येणार असेल तर "येईल बहुतेक" म्हणायची, येणार नसेल तर "नाही येणार" म्हणून मोकळी व्हायची. "काय आवाज आहे पोरीचा!" मावशी म्हणायच्या. "आमच्या वेळी असती तर लोकांनी राँग नंबरसुद्धा आनंदाने ऐकून घेतले असते."

एकच खोट होती. ही पोरगी नकाशावर बरोबर त्यांच्या गावापुढे उभी राहायची. राज्यातली सगळी गावं दिसायची, हिच्या उजव्या कोपराआड मात्र एक गाव कायमचं गडप.

तेही मावशींनी चालवून घेतलं असतं. पण त्यांची थोरली बहीण शेजारच्याच गावात दिलेली, आणि ती हेच चॅनेल बघायची. बातम्या संपल्या की तिचा फोन ठरलेला. "आमचं गाव आज पण दाखवलं हो," ताई लांबण लावून म्हणायची. "वर छान ढगाचं चित्र. तुमचं काही दिसलं नाही ते? काढून टाकलं की काय नकाशातून?"

लहानपणी वेण्या ओढण्यापासून चालत आलेलं हे प्रकरण. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चॅनेलला फोन लावला.

आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग संगीत ऐका. मावशींनी ते संगीत शांतपणे ऐकलं. जन्मभर दुसऱ्यांना ताटकळत ठेवलेल्या बाईला ताटकळण्याचं काय कौतुक! अखेर तक्रार विभागातली एक मुलगी बोलती झाली.

"तुमच्या हवामानवाल्या बाईंना म्हणावं, जरा डावीकडे सरका."

"कुणाच्या डावीकडे, मॅडम? तुमच्या की त्यांच्या?"

मावशींनी रिसीव्हर कानाला लावूनच एक हात वर केला. मग टीव्हीकडे पाठ करून पुन्हा वर केला. "थांब," त्या म्हणाल्या, "विचार करून उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "खिडकीकडे."

"कुठल्या खिडकीकडे?"

"आमच्या."

असं बरेच दिवस चाललं. मावशींचा आवाज आला की तक्रारवाली आपणहून म्हणायची, "हो मावशी, वर कळवलंय."

"'वर कळवलंय' हे मीही नोकरीभर म्हणत आले, बाळ. त्याचा अर्थ मला नको शिकवूस."

एके दिवशी तक्रारवालीने हात टेकले आणि फोन सरळ हवामानवालीकडेच दिला. पलीकडून तो आवाज आला आणि मावशी एकदम सावरून बसल्या. टीव्हीपेक्षा फोनवर तो कितीतरी गोड होता.

"मावशी, मी तुमच्या गावापुढे उभी राहते हे मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? अगं, रोज नकाशावर बोट ठेवून सांगतेस की!"

"कसलं बोट! माझ्या मागे नकाशाच नसतो. नुसती हिरवी भिंत असते. नकाशा नंतर चिकटवतात. मी समोरच्या छोट्या टीव्हीत बघून अंदाजाने हात हलवते. त्यात अर्धं मला माझंच डोकं दिसतं."

 मावशी खो खो हसत सुटल्या. पाऊस अंदाजाने सांगतात हे त्यांना ठाऊक होतं. गावंही अंदाजानेच दाखवतात हे नवीन होतं.

"मग उद्या अंदाजाने जरा बाजूला हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. काकांना हलवून जागं ठेवलं, मुलाच्या हातातला रिमोट काढून घेतला. हवामानवाली आली, बोलता बोलता दोन पावलं सरकली आणि कोपराआडून त्यांचं गाव निघालं. वर छोटासा पिवळा सूर्य! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या शिंप्याने तर उठून पडद्यापाशी जाऊन गावाला हात लावून पाहिला.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच फोन खणखणला.

"हे तूच केलंस!" ताई कडाडली.

"काय गं झालं?"

"आमच्या गावावर ती बया उभी आहे! खांद्याखाली गेलं अख्खं गाव!"

"अगंबाई!" मावशी साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या. "काढून टाकलं की काय नकाशातून?"

त्या रात्री मावशींना जी झोप लागली, तशी निवृत्तीच्या दिवशीही लागली नव्हती.

पण ताईही त्याच आईची लेक. तिने चॅनेलचा नंबर मिळवला. दोघींचा आवाज एका साच्यातला; तक्रार विभागात हाहाकार उडाला. सकाळी एक म्हातारी म्हणे डावीकडे, दुपारी तीच म्हातारी म्हणे उजवीकडे! "मावशी, एकदा काय ते ठरवा ना," तक्रारवाली रडकुंडीला येऊन म्हणाली, तेव्हा मावशींना कळलं की पलीकडून ताईने आघाडी उघडलीय.

बिचारी हवामानवाली एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे सरकू लागली. एकदा तर वाऱ्याची दिशा सांगता सांगता मधेच तिला कुणाचं तरी गाव आठवलं आणि ती खेकड्यासारखी तिरकी पळाली. प्रेक्षकांना ते भारी आवडलं. पोरंटोरं गल्लीत तशी चालायला लागली. ते ऐकून मावशी हसल्या खऱ्या. पण पोरगी भली होती, आणि या दोघींपायी तिचं हसं होत होतं.

त्यांनी ताईला फोन केला. आपण होऊन, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा.

"ताई, पुरे आता. पोरीच्या पोटावर पाय यायचा."

"मी पण तेच म्हणणार होते," ताई म्हणाली. "पण तू आधी म्हणावंस म्हणून थांबले होते."

"मग तिला उभं कुठे करायचं?"

दोघींनी आपापल्या टीव्हीपुढे बसून नकाशा धुंडाळला. खाली डाव्या बाजूला निळाशार समुद्र पसरला होता. "तिथे बसव तिला," ताई म्हणाली. "मासे काही फोन करायचे नाहीत."

फोन अर्थात मावशींनीच लावला. हवामानवालीने साहेबांच्या कानावर घातलं, साहेबांना वाटलं ही कल्पना आपलीच, आणि चार दिवसांत नकाशाच्या कोपऱ्यात समुद्रावर एक ऐटबाज खुर्ची आली. हवामानवालीने मावशींना खास फोन करून सांगितलं, "पाय दुखायचे थांबले हो. देव तुमचं भलं करो."

आता दोन्ही गावं शेजारीशेजारी दिसतात, स्वच्छ, तापमानाच्या आकड्यांसकट. भांडायला जागाच उरली नाही, म्हणून सून निर्धास्त झाली होती. पहिल्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

"बघितलंस? आमच्याकडे तुमच्यापेक्षा एक अंश जास्त आहे."

"उकाडा जास्त म्हणजे त्यात कसली मिजास गं?" मावशी फणकारल्या. रिसीव्हर ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "जरा ते रेनकोटवाल्याचं लाव रे. तो कुठलाही आकडा असो, वाढवूनच सांगतो."