सोमवारी दुकान बंद

जळगावच्या पिंप्राळ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि ते सोमवारी बंद असतं. लग्नसराई असो, कानबाईच्या सणाचे दिवस असोत, नाहीतर गल्लीतल्या कुणाच्या घरी साखरपुडा असो. शटरवर मी स्वतः रंगाने लिहिलंय. तरी लोक ते वाचूनच फोन करतात, "ताई, बंद आहे का?"

सोमवारी दुपारी मी पेटी वाजवते. मागच्या गल्लीत एक नाना राहतात, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. चाळिशी उलटल्यावर त्यांच्याकडे मी सा पासून सुरुवात केली. पहिले सहा महिने माझी बोटं पट्ट्यांवर अशी चालायची की नाना डोळे मिटून घ्यायचे, रंगून जाऊन नाही, सहन होत नाही म्हणून. आता ते डोळे उघडे ठेवतात. आणि वर्षातून दोनदा मी जुनी शहरं बघायला जाते. धुळ्याच्या माहेराहून बहिणीबरोबर मांडूला गेले, महेश्वरला गेले. तिथे काय आणायला जातेस, असं लोक विचारतात. काही आणायला जात नाही. बघायला जाते.

हे आमच्या घरात आणि गल्लीत कुणालाच पटलेलं नाही. माझी जाऊ तर सरळ म्हणते, "कामाच्या बाईला हे शोभतं का?" पुरुष पारावर चार तास पत्ते कुटतो तेव्हा त्याला कुणी शोभा विचारत नाही. मी आठवड्यातली एक दुपार मागितली तर माझं डोकं फिरलंय.

तरी दोन वर्षांपूर्वी मी वाकले, आणि त्याचा मला अजून राग येतो. त्या सराईत मुहूर्त एकावर एक आले होते. चाळीसगावकडच्या एक अक्का माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न जळगावात होतं. शालू आणि वरच्या सहा साड्या त्यांनी माझ्याकडे दिल्या आणि बजावलं, "ताई, यंदा तुन्हं ते सोमवारनं खूळ नको व्हं." जाऊ म्हणाली, नवरा म्हणाला, शेजारीण म्हणाली. मला वाटलं, एवढी सगळी माणसं चुकत नसतील. मी पेटीवर चादर टाकली. बुऱ्हाणपूरची तिकिटं काढून ठेवली होती, ती रद्द केली. शटरवरच्या अक्षरांवर कागद चिकटवला आणि चाळीस दिवस एकही सुट्टी न घेता मशीनवर बसले.

माझी कामाची एक पद्धत आहे. हल्ली ब्लाउजचं कापड साडीतच येतं, एका टोकाला. ते कापून घ्यायचं असतं. पण कात्री लावायच्या आधी मी अख्खी साडी उलगडते, आरशासमोर उभी राहते आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून बघते. तेव्हा काहीतरी गुणगुणतही असते. बायका हसतात, म्हणतात ताई दुसऱ्यांच्या साड्या नेसून घेते. हसू देत. पदर खांद्यावर पडला की कुठलं टोक पदराचं आणि कुठलं ब्लाउजचं, यात चूक होऊच शकत नाही.

चाळीस दिवसांत ही पद्धत कधी सुटली, मला कळलंही नाही. अक्कांचा शालू मी घडीतूनच टोक ओढून टेबलावर घेतला. भरगच्च जर दिसली. आजकाल ब्लाउजच्या तुकड्यावरही तशीच जर असते. मोजलं, खूण केली आणि कापलं.

दुपारचे तीन वाजले होते. समोर माझ्याकडे हुक-काजाचं आणि हातशिलाईचं काम करणाऱ्या आपा बसल्या होत्या. त्या वीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. त्यांनी साडीचं कापलेलं टोक दुमडायला हातात घेतलं आणि थांबल्या. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "ये पदर कट गया क्या?"

मी बघितलं. नवरीच्या शालूचा पदर माझ्या टेबलावर वेगळा पडला होता. लग्नाला आठ दिवस होते. मी तिथेच फरशीवर बसले. एवढ्या वर्षांत मी कुणाची बाही आखूड केली असेल, गळा मोठा केला असेल, पण पदर? शिंपिणीच्या हातून पदर कापला गेला म्हणजे तिने कात्री ठेवून द्यावी, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

जाऊ आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "लक्ष त्या पेटीत असल्यावर दुसरं काय होणार!"

मी उठले. इतकी वर्षं मी तिला उलटून बोलले नव्हते. "चाळीस दिवस," मी म्हणाले, "चाळीस दिवस पेटीला हात लावलेला नाही मी. कुठे गेले नाही, काही बघितलं नाही, तोंडातून सूर काढला नाही. तुम्हाला हवं होतं तशी वागले. हे घ्या, तुम्हाला हवी होती ती बाई असं काम करते."

जाता जाता ती एवढंच म्हणाली, की वरून लेस लाव, कुणाला कळणार नाही. मी तेही ऐकलं नाही. अक्कांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अक्का मुलीला घेऊन आल्या. मी दोन्ही तुकडे पुढे ठेवले आणि म्हणाले, तुम्ही म्हणाल तर नवा शालू घेऊन देते. अक्का कितीतरी वेळ त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आसं कसं जायं ताई? तुन्हा हातनं?"

"यंदा सोमवार ठेवला नाही, अक्का."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मीच बोलनी व्हती तुले," त्या म्हणाल्या.

मुलीचे डोळे भरले होते. तरी तिने पदराचा तुकडा उचलला, माझ्या आरशासमोर गेली आणि खांद्यावर टाकला. मी मागून उरलेली साडी धरली. जोड बरोबर खांद्यावर येत होता, जिथे निऱ्यांना पिन लावतात तिथे. "इथे जोडता येईल?" तिने विचारलं. आपा म्हणाल्या, येईल, धाग्याला धागा लावून. नवा शालू नको, हाच नेसेन, असं मुलगी म्हणाली. आम्ही दोघींनी दोन दिवस हाताने तो जोड घातला. त्या दोन दिवसांत मी मोठ्याने गात होते. जाऊला पलीकडे ऐकू जावं म्हणून मुद्दाम.

मग सोमवार आला. नऊ ब्लाउज अजून अर्धवट हँगरला होते. मी शटरवरचा कागद ओरबाडून काढला, आपांना घेतलं आणि सकाळच्या गाडीने बुऱ्हाणपूर गाठलं. तापीकाठचा किल्ला बघितला, तिथल्या शाही न्हाणीघराच्या, हमामखान्याच्या छतावरची जुनी रंगीत वेलबुट्टी मान दुखेपर्यंत बघितली, मावा जिलेबी खाल्ली. हमामात आवाज छान घुमत होता. मी नानांनी शिकवलेली सरगम म्हटली. पहारेकरी आला आणि म्हणाला, "मॅडम, यहाँ आवाज मत करो." आपा त्याला म्हणाल्या, "आवाज नहीं है भाई, गाना है." मी सरगम पुरी केली.

परत आल्यावर ते नऊ ब्लाउज वेळेत झाले. झाले नसते तरी मी गेलेच असते. सुट्टी घेतली की काम चांगलं होतं, असं लोकांना पटवण्यासाठी मी हे सांगत नाही. सुट्टी माझी आहे, तिने माझ्या कामासाठी राबायची गरज नाही.

लग्नात मुलगी तोच शालू नेसली. जोडावर पिन लागली होती. कुणालाही दिसलं नाही, मला मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. अक्का माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. हे गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. धाकटीचं ठरलंय म्हणाल्या. "शालू लईसन येनं व्हतं. सोमवार सोडीसन कोनता दिन येऊ?"

मी म्हटलं, बाकी कधीही या.

"आन पेटी?" त्यांनी विचारलं. "चालू शे ना तुन्ही?"

"चालू आहे, अक्का."

"मंग तुन्हाकडेच देसु."