चौदा वर्षं न उडालेला बल्ब

बल्ब मागितला की आमचे हे शेजारी तो कानाजवळ हलवत, काउंटरवरच्या होल्डरमध्ये लावून दाखवत आणि मग विचारत, "उजेड पायजे का आयुष्य? दोन्ही नाय मिळत." क्रांती चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. साधा बल्ब घ्यायला आलेल्या माणसावर एवढा गहन निर्णय लादणारं शहरातलं ते एकमेव दुकान असावं.

सगळीकडे एलईडी आले तरी यांची निष्ठा तारेच्या बल्बवर. "तार पांढरी तापली तर उजेड लई, पण लवकर तुटती. लाल ठिवली तर जन्मभर टिकती." लाल तारेच्या उजेडात दिसतं काय, असं मी एकदा विचारलं.

"टिकती ना," ते म्हणाले.

पडेगावला त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. तिथं त्यांनी अर्थातच आयुष्य निवडलं होतं. स्वयंपाकघरातला आणि बैठकीतला बल्ब एकापाठोपाठ एकाच तारेवर जोडलेले, म्हणजे प्रत्येकाला वीज निम्म्याच दाबाची. चौदा वर्षांत एकही उडाला नाही, हे ते पाहुण्यांना मुलगा कलेक्टर झाल्याच्या थाटात सांगत. विजेची बरीच बचत होई, उजेडाची जवळजवळ संपूर्ण. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तांदूळ निवडायला अंगणात बसत.

पुढे काकूंना मोतीबिंदू झाला. आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि संध्याकाळी घरात बसून त्या म्हणाल्या, "मला तर काईच दिसंना."

शेजारी पांढरेफटक पडले. सकाळी काकूंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मीही गेलो. तिथं काकूंनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली. संध्याकाळी घरी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "घरात बल्ब कोणता आहे?"

बल्बविषयीच्या प्रश्नावर हा माणूस तडक रिक्षा बोलवायला निघालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्याच संध्याकाळी त्यांनी ती जोडणी तोडली आणि दुकानातला सगळ्यात मोठा बल्ब आणून लावला. काकू त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "तुमी लई म्हातारे झालात की ओ."

"ह्यो चार महिन्यांत उडंल," एवढंच ते म्हणाले. उडायचाही. मग ते मुकाट्याने नवा आणायचे, आणि मला त्यांची फार माया वाटायची.

दोन वर्षांनी ते गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी काकूंना भेटायला गेलो, आणि अशा वेळी बोलतात ते काहीबाही बोललो.

"दोन वर्सं का व्हईना," काकू म्हणाल्या, "नीट बघून घेतलं त्यांना."