नंदिनीबरोबर डॉसनपर्यंत

नंदिनी आज्ञाधारक नव्हती.

हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिते आहे. काल तिच्या प्रार्थनासभेत तिच्या मुलानं, मकरंदनं, माइक हातात घेऊन सांगितलं, "आईनं माझा शब्द कधी मोडला नाही."
हॉलभर माना हलल्या.

मी गप्प बसले. प्रार्थनेच्या वेळी मध्ये बोलायचं नाही, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं.
आता प्रार्थना संपली आहे.

आमच्या ग्रुपवर तर कहरच. "साधी, प्रेमळ, हसतमुख." "तिच्या हातची पुरणपोळी!"
तिची पुरणपोळी जाड व्हायची. तिलाही ते माहीत होतं.

नंदिनीनं इथे सिंगापूरच्या एका बँकेत जन्मभर सोन्याचे व्यवहार सांभाळले. पोत्यांनी सोनं, पण सगळं स्क्रीनवर.
रिटायर झाल्यावर मला म्हणाली, "अगं, हे निघतं कुठून ते एकदा डोळ्यांनी बघायचंय."

आणि तिला गाडी चालवायची होती. खरं कारण तेच.

नवरा गेल्यावर मकरंदनं घरची गाडी विकून टाकली. "आई, सेरंगूनला घराखालीच एमआरटीचं स्टेशन आहे. तुला गाडी कशाला?"
तिला विचारलं नाही. कळवलं.

सिंगापूरमध्ये पासष्टीनंतर लायसन्स टिकवायचं तर डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागतं. दारात गाडी नसतानाही ती मुकाट्यानं जाऊन तपासून यायची.
"कशाला गं?" मी एकदा विचारलं.
"मला चालवता येतं म्हणून."

तर आम्ही दोघी कॅनडाच्या पार उत्तरेला गेलो. क्लोंडाइक. सोनं सापडल्याची बातमी ऐकून एके काळी हजारो माणसं बर्फातून जिथे धावत सुटली होती, तो मुलूख. व्हाइटहॉर्सला गाडी भाड्यानं घेतली. सोन्याच्या त्या दिवसांतल्या डॉसन गावी पोचायचं होतं. मला ड्रायव्हिंग येत नाही, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

रस्ता म्हणजे झाडं, नदी, झाडं. मध्येच डांबर संपतं आणि खडी सुरू होते. दगड उडून काचेवर आला की मी किंचाळायची. ती नाही.

आता आपल्या सिंगापूरकरांची एक खोड सांगते. वुडलँड्सच्या नाक्यावरून पलीकडे मलेशियात, जोहोरला, गाडी न्यायची तर टाकी पाऊण भरलेली हवी, असा इथला नियम. का, तर पलीकडे पेट्रोल स्वस्त आणि सगळे तिकडेच भरतात. त्यामुळे पाऊण टाकीच्या वर इथे कुणी थेंबभर घेत नाही. नंदिनीचं अख्खं घर वर्षानुवर्षं असंच चाललं.

वाटेतल्या पंपावर बाईसाहेब भाव वाचून म्हणाल्या, "महाग आहे. पुढे स्वस्त मिळेल."
"पुढे काय आहे?"
"पुढचा पंप."

पुढचा पंप बंद होता.
त्याच्या पुढे झाडं होती.

गाडी थांबली तेव्हा फोनला रेंज नव्हती आणि डास चिमण्यांएवढे होते. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.
नंदिनीनं शांतपणे डबा उघडला. "चिवडा घे."
"बाई, इथे अस्वलं आहेत!"
"मग लवकर खा."

बऱ्याच वेळानं एक पिकअप आला. चालवणारी आमच्याच वयाची. तिनं मागचा कॅन काढून आमच्या टाकीत रिकामा केला आणि विचारलं, कुठल्या तुम्ही? सिंगापूरच्या, म्हटल्यावर म्हणाली, "पेट्रोल संपवायला फारच लांब आलात."
नंदिनी इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं.

पुढच्या वस्तीत रेंज आली आणि पाठोपाठ मकरंद. नंदिनी पेट्रोलचं सगळं सांगून मोकळी झाली.
"आई, इनफ लाह! आता तू चालवायचं नाही. तिथून एखादा ड्रायव्हर घे. प्रॉमिस?"
मग मला: "मावशी, तुम्ही तरी समजवा हिला."
"मी पॅसेंजर आहे," मी म्हटलं. "ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते."
फोन पुन्हा तिच्याकडे. ती एवढंच म्हणाली, "बरं."

फोन ठेवला, टाकी गच्च भरली आणि स्टिअरिंगमागे बसली.
"बरं म्हटलंस ना?"
"तेवढ्यानं त्याला झोप लागेल. बेल्ट लाव."

डॉसनच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचे ढीग लागतात, मैलोन्‌मैल. यंत्रांनी ओढ्यांचे तळ उपसले, सोनं घेतलं आणि धोंडे तिथेच टाकून दिले. माझं डोकं फिरलं. आपल्याकडे साधा टिश्यू टाकला तरी दंड!
नंदिनीनं गाडी हळू केली.
मग म्हणाली, "स्क्रीनवर हे दिसत नव्हतं."

गावात शिरलो. मातीचे रस्ते, लाकडी फुटपाथ, खालची गोठलेली जमीन हलल्यामुळे एकमेकांवर कललेली दोन जुनी घरं. तिनं नदीकाठी गाडी लावली, एका झटक्यात, सरळ. इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून बसून राहिली.
"आले बघ," म्हणाली. 'आलो' नाही. 'आले'.
मी तो शब्द तिचा तिला राहू दिला.

मकरंद, तुला टॅग केलंय, म्हणजे वाचशीलच.
तू तिला कितीदा तरी विचारलंस, तिकडचा ड्रायव्हर कसा होता? ती म्हणायची, "चांगला होता. कमी बोलायचा."

ड्रायव्हर नव्हता रे. डॉसनपर्यंत तीच होती, आणि परत येतानाही तीच.
तू घाबरला होतास, हे तिला कळत होतं, म्हणून तुला सांगितलं नाही. पण मुलाच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई म्हणून तिला निरोप द्यायचा, हे मला चालणार नाही. तुझी आई त्याहून खूप मोठी होती. तूही तिला तशीच आठव.

हार, फुलं, श्रद्धांजली बाकीच्यांनी वाहिली आहे. माझ्याकडून एवढंच.

सावकाश जा, नंदिनी.