दुसरी खूण

नितीनचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरात चष्मा शोधत होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. एरवी त्याचा फोन यायचा तो गणपतीला किती दिवस येणार, खोल्या उघडून ठेवू का, असलं काही विचारायला. त्या दिवशी आधी नुसताच वाऱ्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, "काका, बाबा गेले." होडी वाळूवर ओढून घेताना वासूच्या, म्हणजे नितीनच्या वडिलांच्या, छातीत कळ आली, तो होडीला टेकून बसला आणि तसाच राहिला. बरोबरच्यांना आधी वाटलं, दम खातोय. मी मिळेल त्या बसने निघालो, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याची होडी अजून तिथेच, अर्धवट ओढलेली, पाण्याकडे तोंड करून पडली होती.

त्याला आता दीड महिना होईल. एवढ्यात काही लिहू नये असं ठरवलं होतं, पण एक गोष्ट मनातून जात नाही आणि जिला सांगायला हवी तिला सांगायचं धैर्य मला नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

वासू आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. त्याचं घर किनाऱ्याला, आमचं त्याच्या मागे. मला गणित यायचं, त्याला येत नव्हतं, आणि त्याबद्दल दोघांनाही काही वाटत नव्हतं. त्याचे वडील गळाने मासे पकडायचे. जाळं टाकून जो येईल तो मासा घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. सणाच्या दिवशी त्यांच्या होडीत हातभर लांब गोबरे असायचे आणि ते कुठून आणले हे वाडीत कोणालाही ठाऊक नसायचं. गोबरा राहतो तो पाण्याखालच्या खडकाच्या कपारीत. असा एक खडक वासूच्या वडिलांना माहीत होता, एवढंच लोक म्हणायचे.

दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत वासूने मला तिथे नेलं. वल्ही मारून मारून माझ्या तळहातांना फोड आले. एका जागी त्याने होडी थांबवली आणि मला किनाऱ्याकडे बघायला सांगितलं. आमच्या घरामागे एक जुनी सातवीण होती, माडांच्याही वर डोकं काढलेली, छत्र्यांवर छत्र्या ठेवाव्यात तशी. आणि तिच्या बरोबर मागे खाडीपलीकडच्या डोंगराची खाच आली होती. मग त्याने मान उत्तरेला वळवली, सिंधुदुर्ग किल्ल्याचा एक बुरूज दाखवला, त्या बुरुजाच्या मागे किनाऱ्यावरचं काहीतरी दाखवलं. तीही दुसरी जोडी एका रेषेत आलेली होती.

"ही आपली जागा," तो म्हणाला. "बाबान माका दाखवल्यान, मी तुका दाखवतंय. कोणाक सांगा नको. आणि ध्यानात ठेव, एक खूण धरून भागणा नाय. एकीन नुसती रेघ गावता, जागा गावणा नाय. दोन व्हयी."

मी कोणाला सांगितलं नाही. हे मी अभिमानाने लिहू शकलो असतो, पण खरं असं आहे की मी ते विसरलो. पुढे मुंबईला मामाकडे राहून शिकलो, एका रंगाच्या कंपनीत चिकटलो आणि चिकाटीने वर चढत गेलो. आधी दुकानदारांच्या पायऱ्या झिजवल्या, मग जिल्हे सांभाळले, मग राज्य. निवृत्त झालो तेव्हा माझ्या केबिनला दोन खिडक्या होत्या. मुलगा परदेशात स्थिरावला. आमच्याकडे यश मोजायची जी मापं आहेत ती सगळी भरली. गावी यायचो तेव्हा वासू दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या दाराने यायचा, केळीच्या पानात गुंडाळलेला गोबरा ओट्यावर ठेवायचा आणि चहा न पिता जायचा. मी त्याला कधी विचारलं नाही की हा कुठून आणलास. मासा आवडीने खाल्ला, एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी मी जुनं घर पाडून तिथे दोन मजली घर बांधलं. वर चार खोल्या पर्यटकांसाठी. सातवीण नव्या बांधकामावर ओणवी येत होती, तिच्या फांद्या ठिसूळ, आणि कार्तिकात ती फुलली की त्या उग्र वासाने सुधाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, डोकं चढायचं. सातविणीवर भुतं असतात असं म्हणत वाडीतला लाकूडतोड्या कुरकुरला, मी त्याला हसलो आणि कुडाळहून माणसं आणली. त्या दिवशी वासू रेडीला बहिणीकडे गेला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा झाड आडवं झालेलं होतं. तो बराच वेळ बुंध्यापाशी उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं… त्या बघण्याचा अर्थ मी आता लावत बसलो आहे. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरा झाला. वाऱ्यापावसात घरार पडली असती." मी म्हटलं, तेच ना. आणि त्याला फरशीचे नमुने दाखवायला आत घेऊन गेलो.

घर उभं राहिलं, गच्चीवर पाण्याची काळी टाकी बसली, आणि तेव्हापासून वासूला एक नवा चाळा लागला. भेटला की विचारायचा, "काय रे रंगवाल्या, टाकीक रंग दिलंस काय?" कुठला रंग म्हटलं तर, "पांढरो दी." मी त्याला माझ्या धंद्यातलं ज्ञान दिलं, प्लास्टिकवर रंग धरत नाही, सोलून निघतो. तो म्हणाला, मग तुझो रंग कसलो? फोनवरसुद्धा शेवटी तेच. सगळ्या मुंबयक रंग दिलंस आणि तुझी टाकी काळी ती काळीच. मला वाटायचं, माझ्या नोकरीची थट्टा करतोय. जन्मभर रंग विकणाऱ्याच्या घरावरची टाकी काळी, हा विनोद मी मुंबईच्या मित्रांनाही रंगवून सांगितला. लोक हसायचे.

निवृत्तीनंतर शाळेने मला बोलावलं. मुलांना यशाबद्दल दोन शब्द सांगा म्हणाले, मी दोनशे सांगितले. ज्याला कुठे जायचंय ते ठाऊक असतं तोच पोचतो, असं काहीसं वाक्य होतं आणि त्याला टाळ्या पडल्या. वासू शेवटच्या बाकावर बसला होता. परतताना वाटेत तो म्हणाला, "बरा बोल्लंस. पण खंय जावचा तां ठरवच्या आधी आपण आता खंय आसंव तां कळाक व्हया मा?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. गणित न येणारा माणूस तत्त्वज्ञ झाला म्हणून त्याला चिडवलंही.

घर बांधल्यावर केळीच्या पानातला गोबरा कमी कमी होत गेला. बांगडे यायचे, कधी कोळंबी. गोबरा आला तर दोन-तीन वर्षांतून एकदा. मी समजलो की समुद्रातच मासा उरला नाही. मोठ्या यांत्रिक बोटींनी कसा तळ खरवडून नेला, यावर मी वासूलाच व्याख्यान दिलं. उंटावरून शेळ्या हाकण्यात मी कधीच मागे नव्हतो. तो मान हलवत ऐकत राहिला. नितीनने, त्याच्या मुलाने, होडीसाठी जागा दाखवणारं जीपीएस यंत्र आणून दिलं होतं. नितीन पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, त्याच्या बोटीवर ते असतंच. वासूने ते पिशवीतून बाहेर काढलं नाही. म्हणाला, "मशिनीत घातली की ती जागा आपली रवता काय?" मला तो हट्टीपणा वाटला, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर शेवंती वहिनी, वासूची बायको, पडवीत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकतात, त्यांचा आवाज गिऱ्हाईकांच्या वर चढलेला. त्या दिवशी तो अगदी खाली होता. नितीनचं कसं होईल, होडीचं काय करायचं, असं बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुमका म्हायतच आसा भावजी. सातवीण गेली तेव्हापासून ह्यांका ती जागा सारकी गावलीच नाय. तुमच्या टाकीचो अदमास घेयत, पण काळी टाकी झाडांत दिसणा नाय."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

त्या पुढे बोलत होत्या. झाड तोडल्याच्या दिवशी त्यांना राग आला होता, माझ्याकडे येऊन भांडायचं होतं. वासूने त्यांना उंबऱ्यावरून मागे आणलं. "माका म्हणाले, तेका म्हायत आसा. घर बांधूचा तर तोडूकच व्हयी. माका तोंडान सांगूक तेका जड गेला आसतला. तू तो विषय काढा नको." आणि वहिनींनी माझ्याकडे बघून विचारलं, "म्हायत होता मा तुमका?"

"व्हय वैनी," मी म्हटलं. "माका म्हायत होता."

हे खोटं मी का बोललो, याचा विचार मी रोज करतो. माहीत असून तोडलं म्हटलं तर मी स्वार्थी ठरतो. विसरलो म्हटलं असतं तर वासूने त्याच्या बापाची एकमेव ठेव ज्याच्या हाती दिली त्याने ती कुठेतरी टाकून दिली असं झालं असतं. त्या पडवीत, त्याच्या फोटोसमोर, मला स्वार्थी ठरणं सोपं वाटलं. अकरा वर्षं तो मला क्षमा करत होता, आणि ती भलत्याच अपराधासाठी होती. टाकीचं तो विचारायचा ते मला आठवण आहे असं धरून. उघड बोलून मला लाजवायचं नाही म्हणून थट्टेत घालून विचारायचा. आणि मी दर वेळी त्याला सांगत होतो, प्लास्टिकवर रंग धरत नाही. त्याने ते काय म्हणून ऐकलं असेल?

नात्यांबद्दल मी आयुष्यात बरंच शहाणपण ऐकवलं आहे. माणसं जोडली म्हणून धंदा वाढला, असं मी म्हणायचो आणि ते खोटंही नव्हतं. राज्यातल्या तीनशे दुकानदारांच्या मुलांची नावं मला पाठ होती. पण माझ्या घरामागच्या एका झाडावर कोणाचं काय अवलंबून आहे, हे मला माहीत असूनही माहीत नव्हतं. मला वाईट वाटतं म्हणणं थोडं होईल. मला भीती वाटते. आणखी काय काय विसरलो असेन आणि कोण कोण मला आठवतंय असं समजून गप्प बसलं असेल?

मी ठाण्याला परतलो नाही. मालवणहून रंग आणला. प्लास्टिकवर रंग धरतो. पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावं लागतं, आधी अस्तर द्यावं लागतं, वेळ लागतो एवढंच. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सासष्टाव्या वर्षी गच्चीवर गुडघे टेकून मी ती टाकी घासली. सुधा म्हणाली माणूस लावा, मी ऐकलं नाही. दोन दिवसांत टाकी पांढरी झाली. खालून बघताना ती विचित्र दिसते, पाहुणे विचारतात.

मग एका सकाळी नितीन म्हणाला, "काका, बाबांनी तुमका जागा दाखवल्यानी मा? आई म्हणता." त्याला वासूने ती दाखवली नव्हती. यंत्रात घालशील म्हणाला होता. आम्ही वासूचीच होडी पाण्यात ढकलली. समुद्र तेलासारखा शांत होता. बरंच आत गेल्यावर मी मागे वळून बघितलं आणि माडांच्या हिरव्या काळोखात एक पांढरा ठिपका दिसला. माझं घर मी नवं बांधल्यापासून समुद्रातून पाहिलंच नव्हतं. डोंगराची खाच हळूहळू सरकत आली आणि ठिपक्याच्या बरोबर मागे बसली. "काका, टाकी दिसता," नितीन म्हणाला, आणि त्याने इंजिन बंद केलं. "आता दुसरी खंयची?"

बुरूज समोर होता. बुरूज मला नीट आठवतो. बुरुजाच्या मागे काय यायला हवं, ते आठवत नाही. पंधराव्या वर्षी वासूने हात लांब करून काय दाखवलं होतं? देवळाचं शिखर की एखादा खडक, की तेही कुणीतरी केव्हाच तोडून टाकलेलं झाड? आम्ही त्या रेघेवर आत गेलो, बाहेर आलो. नितीनने पाच ठिकाणी दोरीला वजन बांधून सोडलं, पाचही ठिकाणी खाली वाळू लागली. ऊन चढल्यावर तो म्हणाला, असू दे काका, परत येवया. त्याच्या आवाजात बापासारखाच समजूतदारपणा होता, आणि तोच मला सहन झाला नाही.

तेव्हापासून पाच-सहा वेळा गेलो. जागा सापडलेली नाही. कार्तिक सुरू आहे, पहाटे गच्चीवर गेलो की सातविणीचा वास येतो. पलीकडच्या वाडीत असेल एखादी, मी शोधायला गेलेलो नाही. टाकीला टेकून उभा राहतो. समोर ती रेघ असते, माझ्या पाठीमागच्या डोंगरातून निघून माझ्यातून आरपार समुद्रात गेलेली, आणि तिच्यावर कुठेतरी वासूचा खडक. एखादी होडी ती रेघ ओलांडते तेव्हा तिच्यावरून कुणीतरी विचारतंय असं वाटतं… रंग दिलंस काय?

दिलंय रे वासू. बग, पांढरो दिलंय. आता दुसरी खूण सांग.