उघडी बाटली

द्वारकेजवळ निजामचाचांचं गॅरेज आहे. उघडलेली बाटली संपल्याशिवाय नवी फोडायची नाही, ही त्यांची जुनी खोड. लखनने रेस ट्रॅकवर पळवायला गाडीला त्यांच्याकडून ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि भारी पॅड बसवून घेतले. ब्रेक ऑइल मात्र चाचांनी फळीवरच्या उघड्या बाटलीतलंच भरलं. हवेतली ओल धरलेलं ऑइल तापलं की लवकर उकळतं आणि ब्रेक लागत नाही, हे मुरलेल्या मिस्तरीला कुणी सांगायला हवं होतं? पण बाटली वाया जाईल ना!

ट्रॅकवर पेडल सरळ तळाला गेलं आणि गाडी भिंतीवर आदळली.

लखन आता लंगडत चहाला येतो. धडकेच्या क्षणाचं त्याला नीट आठवत नाही. म्हणतो, "चाचा, तुमचं काम चोखच होतं. मीच ब्रेक उशिरा दाबला."

चाचा खुर्ची पुसून देतात आणि खरं सांगणं पुढच्या चहावर ढकलतात.