मामीची बाजू

माझे मामा म्हणजे हट्टी वेल्डर. गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुचाकी विकून उघडी तीनचाकी मोटारसायकल घेतली. पुढे एक चाक, मागे दोन. मागच्या रुंद सीटवर मामी कायम डावीकडेच बसायची, कारण मामांना फक्त डाव्या कानाने ऐकू येतं आणि तिला वाटभर त्यांना फैलावर घ्यायचं असायचं. मामी अंगाने भक्कम, गाडी त्या बाजूला कलायची. म्हणून मीच तिथली स्प्रिंग घट्ट आवळून दिली होती.

मामी गेली त्याला वर्ष झालं. चेन, ब्रेक, तेलपाणी, सगळं मामा माझ्या गॅरेजात करून घेतात, पण त्या स्प्रिंगला हात लावू देत नाहीत. परवा मी चिडलोच.

"मामा, आता डावीकडे भार नाही. गाडी उजवीकडे कलत असणार. सैल करू द्या!"

"आधी बघ तरी," मामा गुरकावले.

गाडी सपाट फरशीवर होती. मी मागच्या दांड्यावर गवंड्याची लेव्हल आडवी ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला. लेव्हलची टोकं उलटसुलट करून ठेवली, तरी तिथेच. स्प्रिंग तशीच घट्ट, आणि डावीकडची सीट तर रिकामी होती.

मामा गाडीवर बसले आणि मागे न बघता, डावा कान जरा कलता करून वैतागले, "ऐकतोय गं, ऐकतोय. निघालोच."