कलम बांधता येत होती, सांगता येत नव्हती

सौंसर-पांढुर्ण्याच्या मंडळींनो, आज दुपारी परदेशात शिकणाऱ्या लेकीचा फोन आला. "बाबा, उत्तर मला येत होतं. इंग्रजीत जुळवून राहिली होती, तेवढ्यात सर पुढच्या पोराकडे गेले."

तेव्हापासून डोकं तापून आहे.

ऐंशीच्या दशकात मी सौंसरहून शहरातल्या शेतकी कॉलेजात गेलो. संत्र्याची कलम कशी बांधतात, सरांनी इंग्रजीत विचारलं. मी लहानपणापासून बाबांसोबत बांधायचो. म्हटलं, "सर, करून दाखवू?" वर्ग हसला.

"इंग्लिशमध्ये सांग, नाहीतर बस."

बसलो.

पुढं त्यांच्या बंगल्यातल्या झाडांना कलम बांधायला सरांनी मलाच बोलावलं, अगदी गोड मराठीत. मी गेलो, मुकाट्यानं बांधून आलो.

आता लेकीला कोणत्या तोंडानं सांगू, उठून बोल म्हणून?